चाळीस घाटांचा एक मालक

नद्यांवर पूल बांधायची विद्या जेव्हा कुणालाच येत नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका; आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्ही तर नक्कीच ऐका.

एक राज्य होतं. त्याच्या मधोमध एक नदी वाहत होती. एवढी रुंद, की ऐलतीरावरून पैलतीरावरचा माणूस मुंगीएवढा दिसायचा, आणि घसा ताणून कितीही हाक मारली तरी ती मधल्या पाण्यातच बुडायची. धारेला ओढ होती, डोहांत मगरी होत्या. पोहून पार जायचं म्हणजे जिवावर उदार व्हायचं. त्यामुळे त्या राज्यात नावाड्याला मोठा मान. लग्नाचं वऱ्हाड, आजाऱ्याचं औषध, बाजाराचं धान्य, सगळं त्याच्याच वल्ह्यावर पलीकडे जायचं.

नदीकाठी शंभरेक लहान घाट होते. एकेका घाटावर एक नाव, फार तर दोन. त्याशिवाय एक थोरली नावपेढी होती. तिचे चाळीस मोठे घाट आणि तीनशे नावा. ही पेढी कुणा एकाची नव्हती. राजधानीतल्या चारशे सधन लोकांनी तिच्यात वाटे घेतले होते. ते वाटे भर बाजारात विकले जायचे. आज याच्याकडे, तर उद्या त्याच्याकडे. पेढीवर कधी अडचण आली तर कारभाऱ्याने नुसती हाक द्यायची, वाटेकरी थैल्या घेऊन उभे राहायचे. हा कारभार नरहरशेट नावाचे एक गृहस्थ बघत. माणूस शहाणा, कामाचा पक्का आणि बोलायला गोड.

उंबरघाट हा त्या शंभर लहान घाटांतला एक. तिथली एकुलती एक नाव सगुणा चालवायची. तिचा नवरा साप चावून गेला, तेव्हा लेक सात वर्षांची होती. तेराव्यानंतर सगुणाने पदर खोचला आणि वल्हं हातात घेतलं. बाईच्या नावेत बसायला पहिले काही दिवस लोक बिचकले. मग एकदा ऐन वादळात तिने अकरा माणसं सुखरूप काठाला लावली, आणि लोकांचं बिचकणं संपलं. वर्षाला घरटी पायलीभर जोंधळा मिळायचा. त्यात मायलेकींचं भागायचं.

लेकीचं नाव साळू. ती मोठी झाली आणि समोरच्या बोरकाठ गावी एका विणकराच्या घरी पडली. बोरकाठच्या मागे सरळसोट कडा. गावात जायची वाट एकच, आणि ती पाण्यातली. पण सगुणाला त्याचं काही वाटलं नाही. ती लग्नात सगळ्यांना सांगत होती, "लोकांच्या लेकी डोंगरापल्याड जातात. माझी तर वल्ह्याच्या अंतरावर आहे."

श्रावणात साळू पंचमीला माहेरी आली. झोक्यावर बसायला मैत्रिणी बोलवायला आल्या, तर ही जागची उठेना. नुसती हसत राहिली. सगुणाने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"किती महिने?" तिने हळूच विचारलं.

"दुसरा लागलाय, आई. पहिलं बाळंतपण तुझ्याकडे हं. मी सासूबाईंना सांगून ठेवलंय."

"सांगायचं काय त्यात? सातवा लागला की मीच येते न्यायला."

लेकीला पोचवून परतताना सगुणा नावेत एकटीच गात होती. किती तरी वर्षांनी तिच्या तोंडून गाणं निघालं होतं.

भादव्यात नदीला पूर आला. म्हाताऱ्या माणसांनीही तसा पूर पाहिला नव्हता. रात्रंदिवस तीन दिवस नदी नुसती घोंघावत होती. झाडं, गोठे, गवताच्या गंजी, जे वाटेत आलं ते तिने ओढून नेलं. दोरखंड तुटले आणि नावा वाळक्या पानांसारख्या वाहून गेल्या. शंभर लहान घाटांवर एकही नाव उरली नाही. नावपेढीच्याही शंभर नावा गेल्या. तिलाही फटका बसला, हे खोटं नाही. पण तिच्या दोनशे उरल्या.

पूर ओसरल्यावर सगुणा घाटावर गेली. ज्या खुंटाला नाव बांधलेली असायची तो खुंट तेवढा शिल्लक होता. तिने समोर पाहिलं. पैलतीरावर, एका काळ्या खडकावर, तांबड्या रंगाचा एक ठिपका हलत होता. साळूचं लुगडं! सगुणाने डोक्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांनी उंच हलवला. तिकडचा ठिपकाही हलला. दोघी जिवंत होत्या, एवढं दोघींना कळलं. त्यापुढचं काही सांगायला मध्ये नाव नव्हती.

त्या दिवसापासून रोज सकाळी धुकं विरलं की सगुणा घाटावर उभी राहायची, आणि समोर तो तांबडा ठिपका यायचा. तिला लेकीला विचारायचं होतं, जेवण जातं का? पाय सुजतात का? काय खावंसं वाटतं? ती पाण्याकडे बघून सगळं विचारायची. उत्तर कुठून येणार?

राजा दयाळू होता. लहान घाट बंद पडले, माणसं काठाकाठाला अडकून पडली, हे त्याच्या कानावर गेलं. त्याने आपल्या लाकडाच्या कोठाराची दारं उघडली. तिथे चार वर्षं वाळवलेलं सागवान रचून ठेवलं होतं. ओल्या लाकडाची नाव होत नाही. पाण्यात गेली की तिच्या फळ्या उलतात. त्यामुळे राज्यात नावेजोगं लाकूड होतं ते तेवढंच. राजाने दवंडी पिटवली:

"ज्या घाटावर दहांपेक्षा कमी नावा होत्या, अशा लहान घाटाला राजाच्या कोठारातून लाकूड उसनं मिळेल हो! वर्षभर माणसं पार नेलीत, तर ते परत मागितलं जाणार नाही हो!"

दवंडीवाला आधी मोठ्या रस्त्यांनी फिरला. उंबरघाटला तो पोचला तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. सगुणाने त्याच पावली भाकरी फडक्यात बांधली आणि राजधानीची वाट धरली. तीन दिवसांची वाट. तिच्या मनात मात्र नाव केव्हाच तयार झाली होती. सुताराला बोलवायचं, महिन्याभरात तळ बांधून होईल, फटींत राळ भरायची, पौषात साळूला आणायचं. डोहाळजेवण आपल्या अंगणात करायचं. चालता चालता ती कुणाकुणाला जेवायला बोलवायचं तेसुद्धा ठरवत होती.

कोठारापाशी पोचली, तर दारात लहान घाटांचे वीस-पंचवीस नावाडी उकिडवे बसले होते. आत नुसत्या साली आणि भुसा पडला होता.

"बाई, उशीर झाला," कोठारावरचा अधिकारी म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याची मान खाली होती. "दवंडीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दार उघडलं, दुपारपर्यंत सगळं संपलं."

"अर्ध्या दिवसात? एवढं नेलं कुणी?"

"चाळीस घाटांचे चाळीस अर्ज आले. सगळे नियमात बसणारे. एकेका घाटावर सात नाहीतर आठ नावा."

"कुठले चाळीस घाट?"

अधिकाऱ्याने घाटांची नावं वाचली. पाच-सहा नावं ऐकल्यावर सगुणाने त्याला हाताने थांबवलं.

"साहेब, हे तर सगळे नावपेढीचे घाट. चाळीस घाट, पण मालक एकच ना?"

"नियमात घाटावर नावा किती ते विचारलंय, बाई. मालकाचे एकूण घाट किती, ते विचारायचं राहून गेलं."

शेजारी बसलेला एक म्हातारा नावाडी गुडघ्यांवर हात टेकून उठला. "चला," तो म्हणाला, "आता घरी जाऊन पाण्याकडे बघत बसू."

सगुणा त्याच्याबरोबर गेली नाही. ती वाट वाकडी करून राजघाटावर गेली. नावपेढीचा सगळ्यांत मोठा घाट तो. तिथे सुतारांची घाई चालली होती. किनाऱ्यावर नव्या नावांचे सांगाडे ओळीने उभे होते, आणि वाऱ्यावर सागाच्या ताज्या भुश्याचा वास येत होता. हाच वास आपल्या अंगणात येणार होता.

नरहरशेटनी तिला बसायला घोंगडी दिली, गूळपाणी दिलं. म्हटलं ना, माणूस बोलायला गोड होता.

"शेट," सगुणा म्हणाली, "राजाने लाकूड लहान घाटांसाठी काढलं होतं."

"आमचे घाटही लहानच धरलेत, बाई. नियम मी केला नाही. नियमात बसतं, म्हणून घेतलं. चोरी तर केली नाही ना?"

"चोरी कोण म्हणतंय? तुमच्याही नावा गेल्या, ते मला ठाऊक आहे. पण राजाचं लाकूड मिळालं नसतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

"वाटेकऱ्यांना हाक दिली असती. परराज्यातून लाकूड मागवलं असतं. महाग पडलं असतं, पण मिळालं असतं."

"मग ती हाक का नाही दिली?"

"चारशे माणसांना मी उत्तर देणं लागतो, बाई. फुकट मिळत असताना विकत का घेतलंस, असं त्यांनी विचारलं तर मी काय सांगू? त्यांचा नफा राखणं हेच माझं काम."

सगुणाने त्या नव्या सांगाड्यांकडे पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "शेट, तुम्ही चारशे जणांना हाक देऊ शकत होता. मी कुणाला देऊ? माझी लेक पलीकडे आहे. तिलासुद्धा माझी हाक ऐकू जात नाही."

नरहरशेट म्हणाले, "असं करा, इथे राजघाटावर वल्हवायला या. रोजची मजुरी देतो. उंबरघाटाला दिवसाकाठी दहा उतारू तरी असतात का?"

"दहा असले तरी त्यांनाही पलीकडे जायचंच असतं ना? मला मजुरी नको. पौषात तुमची एक नाव एक दिवस उंबरघाटला पाठवा. लेकीला घेऊन येते, मग माझं काही म्हणणं नाही."

"आहेत त्या नावा मोठ्या घाटांनाच पुरत नाहीत, बाई. नव्या पाण्यात उतरायला माघ उजाडेल." शेट जरा घुटमळले. "बघतो."

"बघतो" या एका शब्दाची शिदोरी घेऊन सगुणा तीन दिवस चालत घरी आली.

कार्तिक गेला. मार्गशीर्ष आला. खडकावरचा तांबडा ठिपका रोज यायचा, पण आता तो आधीसारखा हलायचा नाही. उभा राहायचा तो बसू लागला. सगुणाने ओळखलं, लेक जड झाली. तिने केळीचे खुंट बांधून तराफा केला आणि एका सकाळी तो पाण्यात लोटला. शंभर हात गेली नसेल, तोच धारेने तराफा फिरवला, फिरवला आणि उचकटून टाकला. गावच्या पोरांनी दोर टाकून तिला बाहेर ओढलं. काठावर पडून तिने समोर पाहिलं, तर तांबडा ठिपका खडकावर सैरावैरा धावत होता. सगुणा धडपडत उठली आणि तिने पदर हलवला. ठिपका मटकन खाली बसला. त्यानंतर तिने पुन्हा तराफा बांधला नाही. लेकीला आणखी एकदा तसं धावायला लागू नये म्हणून.

पौष लागला. साळूला सातवा लागला. ठरल्याप्रमाणे सगुणाने अंगण सारवलं. डिंकाचे लाडू करून डब्यात भरले. जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली. गावातली पारू सुईण येऊन बघून जायची आणि नुसती उसासे टाकायची. बोरकाठला सुईण नव्हती. तिथली बाई अडली, की पारूला न्यायला माणूस यायचा, आणि पारू जायची ती सगुणाच्याच नावेतून.

"पौष संपेपर्यंत येईल गं शेटची नाव," पारू म्हणायची.

"येईल. बघतो म्हणालेत," सगुणा म्हणायची. पण राजघाटाच्या दिशेने नदी रिकामीच दिसायची.

पौषाच्या शेवटी साळू दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून खडकापर्यंत येऊ लागली. एका ठिपक्याचे दोन ठिपके झाले. आणि माघातल्या एका सकाळी धुकं विरलं, ऊन आलं, दुपार झाली, तरी खडक काळाच राहिला.

दुसऱ्या दिवशीही तो काळाच होता. तिसऱ्याही.

सगुणाने जेवण टाकलं. ती घाटाच्या खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसून राहायची. लेक आजारी असेल, चालवत नसेल, सासूने थंडीत जाऊ नको म्हटलं असेल. ती स्वतःला शंभर कारणं सांगायची. पाणी पायांना लागून पुढे जायचं. याच पाण्याला पलीकडे साळूच्या दारचं सगळं ठाऊक असेल, असं तिला वाटायचं. त्या पाण्याचाही तिला हेवा वाटू लागला.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी धारेबरोबर एक कोरी नाव खाली येताना दिसली. तिच्यात दोन वल्हेकरी होते, आणि मध्ये नरहरशेट बसले होते.

ते घाटावर उतरले. चार महिन्यांत त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई," ते म्हणाले, "ही नाव तुमची. तुमच्या वाट्याच्या लाकडाची आहे. मी फक्त…"

पुढचं बोलणं सगुणाने ऐकलंच नाही. तिने पारूला हाक मारली, लाडवांचा डबा आणि दुपटी उचलली आणि नावेत उडी घेतली. वल्हं हातात येताच तिचे खांदे आपोआप चालू लागले. पारू बसली. काय वाटलं कुणास ठाऊक, नरहरशेटही मुकाट्याने मागे येऊन बसले.

मध्यधारेत शेट आपणहून बोलू लागले.

"नावा झाल्या, बाई. शंभरच्या शंभर झाल्या. पण बसायला माणूस नाही. तुमच्यासारख्यांच्या घाटांवरून माणसं निघायची आणि आमच्या घाटांवरून बाजाराला जायची. तुमचे घाट बंद, म्हणून बाजार ओस. नव्याकोऱ्या नावा उन्हात तडकताहेत."

"म्हणून आलात होय?" सगुणाने मागे न बघता विचारलं.

शेटना खोटं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत. "थोडं त्यासाठी, थोडं तुमच्या 'मी कुणाला हाक देऊ' या प्रश्नामुळे. तुम्ही गेलात, पण तो प्रश्न काही जाईना. पौषातच नाव पाठवायची होती. आज पाठवू, उद्या पाठवू, असं करत राहिलो."

सगुणाने वल्ह्याचा वेग वाढवला.

बोरकाठच्या खडकाला नाव लागली. सगुणा धावतच वर गेली. जावयाच्या दारात माग बंद होता. आत काळोख्या खोलीत बाजेवर साळू निजली होती. डोळे उघडे होते. आईला बघून ती दचकली नाही, की रडली नाही. बराच वेळ ती आईच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली, जणू हेही रोजच्यासारखं स्वप्नच असावं.

"साळू," सगुणाने तिच्या कपाळावर हात ठेवला. तेव्हा कुठे तिला खरं वाटलं.

"आई, किती उशीर केलास गं."

पारूने एकदा खोलीभर नजर फिरवली. पाळणा नव्हता, बाळंतशेगडी नव्हती. ती उंबऱ्यातच थबकली.

"मुलगी होती," साळू म्हणाली. "आठव्यातच आली. आज अकरा दिवस झाले. आडवी होती. सासूबाईंनी खूप केलं, पण त्यांना काय करायचं ते कळेना. एक दिवस राहिली. नाक तुझ्यासारखं होतं, आई. मी तिला सांगत होते, आजी येईल, आजी आपल्याला न्यायला येईल."

सगुणाने लेकीला कुशीत घेतलं. मग मात्र साळू रडली, आणि तिचं रडणं थांबता थांबेना. ज्या कुशीत तिला महिन्यापूर्वी यायचं होतं, तिथे ती आता आली होती.

दुपार कलल्यावर सासूने साळूची ओटी भरली आणि तिला माहेरी पाठवलं. जावयाने तिला हाताला धरून खडकापर्यंत आणलं. नरहरशेट नावेतच बसून होते. वरून येणारी माणसं त्यांनी पाहिली. साळूचे रिकामे हात पाहिले. सगुणाच्या हातातली दुपटी, घडीही न मोडलेली, पाहिली. ते उठून उभे राहिले आणि साळूला नावेत चढायला त्यांनी हात दिला.

साळूला त्यांच्याविषयी काही ठाऊक नव्हतं. आईला नाव कुणी दिली, एवढंच तिला वाटेत कळलं होतं. तिने नावेत बसताच वाकून त्यांना नमस्कार केला.

"शेट, फार उपकार झाले तुमचे," ती क्षीण आवाजात म्हणाली. "तुम्ही होता म्हणून आज माहेर दिसतंय. देव तुमचं भलं करो."

नरहरशेटनी आयुष्यात पुष्कळ शिव्याशाप ऐकले होते. व्यवहारात ते ऐकावेच लागतात. पण त्या आशीर्वादाइतकं जिव्हारी त्यांना काही लागलं नव्हतं. त्यांनी सगुणाकडे पाहिलं. आता ही बोलेल, लेकीला सगळं सांगेल, असं त्यांना वाटलं. बोलली असती तर बरं, असंही वाटलं. सगुणा बोलली नाही. ती पैलतीराकडे पाठ करून वल्हवत राहिली. साळू मात्र मागे वळून त्या काठाकडे बघत होती. तिथे उंबराखाली तिची एका दिवसाची लेक मातीआड झाली होती. काठ दिसेनासा झाला, तरी तिची मान वळली नाही.

राजघाटावर परतल्यावर नरहरशेटनी चारशे वाटेकऱ्यांची सभा बोलावली.

"राजाचं लाकूड मी परत करतोय," ते म्हणाले. "त्याच्या ज्या नावा बांधल्या, त्या नावाच लहान घाटांना जातील. आपल्याला लागेल ते लाकूड परराज्यातून येईल. यंदा कुणाला नफा मिळणार नाही."

सभेत गलका झाला. "घेतलं ते नियमानेच ना? मग परत कशासाठी?" एकाने विचारलं.

"नियमाने मिळालं होतं, पण आपल्यासाठी नव्हतं. ज्याच्यासाठी होतं, त्याला मी डोळ्यांनी बघून आलोय."

कुणी चिडून आपले वाटे विकून टाकले. कुणी कारभारी बदला म्हणून ओरडलं. पण बरेच जण गप्प बसले, आणि गप्प बसलेल्यांतल्या काहींनी नंतर आपणहून थैल्या पुढे केल्या. पेढी त्या वर्षी रोडावली, तरी बुडाली नाही. पुढच्या सुगीला लहान घाटांवरून माणसं पुन्हा येऊ लागली, तशी ती सावरली.

मग नरहरशेट राजाकडे गेले आणि आपण काय केलं ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. राजाने शिक्षा केली नाही. "चूक तुमची, तशी माझीही," तो म्हणाला. "मी नावा मोजल्या. कुणाच्या पाठीशी कोण आहे, ते विचारलंच नाही." आणि त्याने नवा हुकूम काढला: राजाचं कोठार उघडेल, तेव्हा ज्याला दुसरं दार नाही त्याने आधी यावं, आणि त्याच्या गावापर्यंत दवंडी पोचल्याशिवाय कोठाराचं दार उघडू नये.

चैत्रापर्यंत शंभर लहान घाटांवर शंभर नावा लागल्या. लोकांनी नदीची ओटी भरली. नरहरशेटचं सगळीकडे नाव झालं. त्यांनी घेतलं तेवढं सगळं परत केलं, असं लोक कौतुकाने सांगत. ते स्वतः मात्र हे ऐकलं की उठून जात. सगळं परत झालेलं नाही, हे राज्यात दोघांनाच पुरतं ठाऊक होतं. एक ते, आणि दुसरी सगुणा.

साळू दीड महिना माहेरी राहिली. सगुणाने तिला न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, रात्री जवळ घेऊन निजवलं. लेक चालू-फिरू लागली, थोडं हसूही लागली. मग एक दिवस जावयाचा निरोप आला, आणि सगुणा तिला पोचवायला निघाली. मध्यधारेत तिने वल्हं उचलून धरलं. नाव आपली आपण वाहू लागली. दोघी एकमेकींना टेकून बसल्या. पुढे काठ होता, मागे काठ होता. तिसरी जी त्यांच्याबरोबर असायला हवी होती, तिच्याविषयी दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही. बऱ्याच वेळाने साळू म्हणाली, "चल आई, उतारू खोळंबले असतील." तेव्हा सगुणाने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

तात्पर्य: ज्याच्या हाकेला दहा दारं उघडतात, त्याने एकाच दाराशी आस लावून उभ्या असलेल्याचा वाटा घेऊ नये; घेतलेली वस्तू परत देता येते, गेलेली वेळ देता येत नाही.